भांडण मिटवायला एमए कशाला?

जून-जुलै आला की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एकच विषय असतो. बीए झालं, आता पुढं काय? निम्मी पोरं एमपीएससी म्हणतात, पाव पोरं बीएड म्हणतात, उरलेली गप्प बसतात. मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे गप्प बसणारी पोरं बहुतेक माझ्याकडे येतात. गेल्या काही वर्षांत त्यांतल्या दोघा-तिघांनी विचारलं, "सर, कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशनमध्ये एमए करता येतं म्हणे, कसं आहे?" आणि त्यांच्या घरून हमखास येणारा प्रश्नही मला आता पाठ झालाय: "भांडण मिटवायला एमए कशाला लागतंय? आमचा आजा चौथी शिकलेला, पण अख्ख्या गावाची भांडणं मिटवायचा."

हा प्रश्न टिंगलीत उडवण्यासारखा नाही. पोरगं दोन वर्षं बाहेर ठेवायचं, खोलीभाडं भरायचं, तर आई-बाप विचारणारच. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हा विषय आला कुठून ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, गणित अशा वेगवेगळ्या शाखांतल्या लोकांना वाटलं की युद्ध का होतं याचा अभ्यास फक्त लष्कर आणि मुत्सद्द्यांवर सोडून चालणार नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून या विषयाला वाहिलेलं संशोधन-नियतकालिक निघालं. १९५९ मध्ये नॉर्वेत ओस्लोला योहान गाल्टुंग यांनी शांतता संशोधनाची संस्था उभी केली. पुढे १९७१ ला स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात आणि १९७३ ला इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात स्वतंत्र विभाग झाले. आणि आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे, या गाल्टुंगनी त्याआधी, १९५५ मध्ये, आर्ने नेस या तत्त्वज्ञाबरोबर पुस्तक लिहिलं होतं ते गांधींच्या राजकीय नीतिविचारावर. म्हणजे हा विषय अगदीच परका नाही. त्याची एक मुळी आपल्या सेवाग्रामपर्यंत येते.

आता, या एमएत शिकवतात काय?

पहिली गोष्ट शिकवतात ती अशी की माणूस काय मागतो आणि त्याला कशाची गरज आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकायला सोपं वाटतं. मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक प्रयोग करतो. दोन गट पाडतो. एक गट मागच्या शेतकऱ्याचा, ज्याला वावरात जायला रस्ता पाहिजे. दुसरा पुढच्या शेतकऱ्याचा, जो म्हणतो माझ्या रानातून देणार नाही. दोघांना एकेक चिठ्ठी देतो, जी समोरच्याला दिसत नाही. मागच्याच्या चिठ्ठीत असतं: मला बारमाही रस्ता नको, ऊस तुटून जाताना ट्रॅक्टर गेला पाहिजे एवढंच. पुढच्याच्या चिठ्ठीत असतं: जायला माझी ना नाही, पण एकदा वाट पडली की ती सातबाऱ्यावर चढेल आणि माझ्या जमिनीची किंमत जाईल ही भीती आहे. वीस मिनिटं देतो. वीस मिनिटं पोरं तावातावानं भांडतात. कायदा काढतात, आज्या-पणज्याची वहिवाट काढतात, एकमेकांची अक्कल काढतात. "तुला नेमकं कशासाठी पाहिजे?" हा प्रश्न बहुतेक गटांत कुणी विचारतच नाही. चिठ्ठ्या उघडल्यावर वर्ग गार पडतो.

हाच खेळ खऱ्या आयुष्यात वीस मिनिटांऐवजी वीस वर्षं चालतो. शेतरस्त्याचा अर्ज कुठं करायचा हे गावातल्या कुणालाही माहीत असतं. बांधावरून नवा रस्ता पाहिजे तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. असलेला रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. दोन्हीकडे तहसीलदारच. स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, जबाब होतात, आदेश निघतो. कधी पोलीस बंदोबस्तात जेसीबी लावून रस्ता मोकळा होतो. आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं पुन्हा चर मारलेला असतो, नाहीतर काट्या टाकलेल्या असतात. याचा अर्थ तहसीलदारांचा आदेश चुकला असा नाही. आदेशानं हक्क कुणाचा ते ठरवलं. पण पुढच्याच्या मनातल्या भीतीला कुणी हातच लावला नाही. ती भीती दुसऱ्या वर्षी काट्या घेऊन उभी राहते.

दुसरी गोष्ट शिकवतात ती म्हणजे भांडणाचं मूळ नेहमी माणसाच्या स्वभावात शोधू नये. आपल्याकडं दोन भावकीत कोर्टकचेरी चालली की लोक म्हणतात, "त्यांचं रक्तच तसलं आहे." पण कागद काढून बघा. आपल्याकडं १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, पुढं गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली गेली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यात कित्येक ठिकाणी कागदावर एक आणि ताब्यात दुसरं अशी स्थिती राहिली. माझी जमीन तुझ्या नावावर, तुझी माझ्या नावावर. आजोबांच्या पिढीनं ती तशीच कसली, नातवांच्या पिढीत जमिनीचे भाव वाढले आणि कागद बोलायला लागला. रक्त तेच होतं, मग भांडण आत्ताच का उगवलं? ते नोंदीतल्या चुकीतून आणि वाढलेल्या भावातून उगवलं.

राज्य सरकारनं २०२३ च्या सुरुवातीला 'सलोखा' योजना आणली ती यावरच. किमान १२ वर्षं ताबा एकमेकांच्या जमिनीवर असेल तर अदलाबदलीचा दस्त करायला मुद्रांक शुल्क नाममात्र १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. माझ्या मते ही अलीकडची सगळ्यात शहाणी योजना, कारण तिनं दोन्ही शेतकऱ्यांना "तू चोर, तो चोर" न म्हणता चूक कागदात आहे हे मान्य केलं. पण या योजनेतही दोघांची संमती लागते. पंधरा वर्षं बोलचाल बंद असलेल्या दोन घरांना एका टेबलावर कोण आणणार? फी माफ करता येते, अबोला माफ करता येत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि तो शिकलेला असावा लागतो.

आता येतो तंटामुक्तीकडं. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिचं श्रेय द्यायलाच पाहिजे. कोर्टाची पायरी चढून कर्जबाजारी झालेल्या कित्येक माणसांना गावातच मार्ग मिळाला. मी त्या काळात आमच्याकडच्या बऱ्याच बैठकांना जाऊन बसायचो, ऐकायचो. काही म्हातारी माणसं खरोखर कमाल होती. दोन भाऊ समोरासमोर बसवून आधी तासभर आईच्या आठवणी काढायची आणि मग बांधाचा विषय. हे कौशल्य कुठल्या पुस्तकात मिळणार नाही हे मी मान्य करतो. आजा चौथी शिकून भांडणं मिटवायचा यात खोटं काही नाही.

पण त्या मोहिमेच्या रचनेतच एक खोट होती. गावाला गुण होते आणि गुणांवर बक्षीस होतं. तंटे मिटवल्याचे गुण, नवे तंटे दाखल होऊ न दिल्याचे गुण. आता विचार करा. गाव बक्षिसाच्या दारात उभं आहे आणि एक बाई म्हणते मला पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची आहे. तिला काय सांगितलं जाईल? "ताई, गावाचं नाव जाईल. आपण इथंच बघू." तंटा मिटणं आणि तंटा नोंदच न होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रजिस्टरमध्ये मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

गाल्टुंगनी १९६९ च्या एका निबंधात हाच फरक नीट मांडून ठेवला. मारामारी नाही म्हणजे एका प्रकारची शांतता झाली, तिला ते नकारात्मक शांतता म्हणतात. अन्यायच उरला नाही ही दुसऱ्या प्रकारची, ती सकारात्मक. पहिली शांतता दमदाटीनंही येते. ज्या गावात कुणी तोंडच उघडत नाही ते गाव शंभर टक्के तंटामुक्त असतं.

यातून तिसरी गोष्ट येते, आणि माझ्या दृष्टीनं या सगळ्या शिक्षणाचं सार तिच्यात आहे. मिटवायला बसलेल्यांत कोण नाही ते आधी बघा.

वाटणीची बैठक आठवा. भाऊ असतात, चुलते असतात, गावातले चार जाणते असतात. बहीण असते का? असली तर आतल्या खोलीत, चहा करायला. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायद्यात बदल करून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क दिला. २००५ ला केंद्रानं तो देशभर दिला. २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की कायदा आला त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. एवढं सगळं झालं. आणि प्रत्यक्षात काय होतं? भावांचं भांडण "सामोपचारानं" मिटतं आणि त्या मिटवण्याची पहिली अट असते बहिणींचं हक्कसोडपत्र. सही करताना तिला कुणी विचारत नाही, तीही म्हणते, "माहेर तुटायला नको." मिटवणाऱ्यांच्या हिशेबात एक तंटा कमी झाला. माझ्या हिशेबात एक तंटा दोघांच्या डोक्यावरून उचलून तिसरीच्या डोक्यावर ठेवला गेला.

या एमएत उत्तर आयर्लंडचा अभ्यास करायला लावतात. आमच्या लोकांना वाटतं, आयर्लंडचं आपल्याला काय. पण बघा. तिथं तीस वर्षं बॉम्बस्फोट, गोळीबार चालू होता. १९९६ मध्ये शांतता-वाटाघाटींसाठी निवडणूक जाहीर झाली तेव्हा तिथल्या बायकांच्या लक्षात आलं की टेबलाभोवती सगळे पुरुषच बसणार. त्यांनी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही बाजूंच्या बायकांची मिळून एक आघाडी काढली, निवडणूक लढवली आणि दोन जागा मिळवून टेबलावर बसल्या. १० एप्रिल १९९८ ला जो करार झाला त्यात हिंसाचारात भरडलेल्या लोकांचा आणि दोन्ही समाजांच्या मुलांनी एकत्र शिकण्याचा उल्लेख आला, त्यामागं या बायकांचा आग्रह होता. बंदूकवाल्यांना हे विषय सुचले नव्हते. खुर्चीवर कोण बसतं यावर करारात काय येतं ते ठरतं. आता हे वाचून पुन्हा आपल्या वाटणीच्या बैठकीकडं बघा. दिसतंय का काही?

चौथी गोष्ट म्हणजे काय मिटवायचं नाही हे कळणं. मारहाण, बलात्कार, जातीवरून अपमान आणि बहिष्कार ही "प्रकरणं" मिटवायची नसतात. ती पोलीस ठाण्यात आणि कोर्टातच गेली पाहिजेत. अॅट्रॉसिटीची तक्रार द्यायला निघालेल्या माणसाला रात्री घरी जाऊन "मिटवून टाक, गावात राहायचंय ना" असं सांगणं ही मध्यस्थी नव्हे, धमकी आहे. चांगला मध्यस्थ तोच, जो काही प्रकरणांत हात वर करून सांगतो की हे माझ्याकडं आणू नका. गावकीच्या जाणत्यांना हे सांगणं जड जातं, कारण त्यांची पत "मिटवून दाखवण्यात" असते. आणि जाणते बहुतेक वेळा कुठल्या समाजाचे, कुठल्या घरातले असतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

कुणी म्हणेल, मग कोर्टं आहेतच की. आहेत. देशातल्या जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या कोर्टांत ४ कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. म्हणूनच २०२३ मध्ये संसदेनं मध्यस्थी कायदा केला. त्यात सामुदायिक मध्यस्थीची स्वतंत्र तरतूद आहे. एखाद्या भागातल्या लोकांची किंवा कुटुंबांची शांतता बिघडेल असा वाद असेल तर दोन्ही बाजूंच्या संमतीनं तीन मध्यस्थांचं मंडळ तो हाताळू शकतं. अशी तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी बजावून घेता येत नाही. म्हणजे ती टिकली तर फक्त दोघांना मनापासून पटली म्हणून टिकेल. त्याच कायद्यानं गुन्ह्याच्या खटल्यांची प्रकरणं मध्यस्थीबाहेर ठेवली आहेत, हेही बरं झालं.

माझा प्रश्न एवढाच आहे की त्या तीन खुर्च्यांवर बसणार कोण? कोर्टाशी जोडलेल्या मध्यस्थांना साधारण ४० तासांचं प्रशिक्षण मिळतं आणि त्यांत बहुतेक वकील असतात. सामुदायिक मध्यस्थीला कायद्यानं वकीलच पाहिजे असं म्हटलेलं नाही. मग आपल्याकडं त्या खुर्च्या कुणाला मिळतील ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, नाहीतर साहेबांचा माणूस. आपण आत्ताच तयार माणसं उभी केली नाहीत तर चांगला कायदा जुन्याच माणसांच्या हातात जाईल आणि पाच वर्षांनी आपण म्हणू, "कायद्यात काही दम नव्हता."

आता या पदवीची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी कुठल्या तरी क्लासची जाहिरात करतोय असं वाटेल.

दिल्लीत जामिया मिलियामध्ये नेल्सन मंडेला यांच्या नावाचं केंद्र आहे, तिथं या विषयात एमए होतं. टाटा समाज विज्ञान संस्थेनं गुवाहाटीत असा अभ्यासक्रम चालवला. आपल्या वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात गांधी आणि शांतता अध्ययनाचा विभाग आहे, शिकवणं हिंदीतून. बाहेरदेशीही जागा आहेत, पण खर्च ऐकून घरचे उठून जातील. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या मुलीला हा विषय तिच्या भाषेत शिकायचा तर जायचं कुठं? दिल्लीत गेली तर काश्मीर, श्रीलंका, कोलंबिया, रवांडा हे सगळं शिकेल, शिकलंच पाहिजे. पण पाण्याच्या पाळीवरून, सामाईक विहिरीवरून, स्मशानभूमीच्या वाटेवरून, मिरवणुकीच्या रस्त्यावरून होणारी भांडणं त्या अभ्यासक्रमात कुठून येणार?

नोकरीचंही खरं बोलतो. "संघर्ष निराकरण अधिकारी" असं पद एमपीएससीच्या जाहिरातीत नाही. स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, कंपन्यांतले कामगार-संबंध, धरण-रस्ते-खाणींच्या पुनर्वसनाची कामं, नेट काढून प्राध्यापकी, कायद्याच्या पदवीच्या जोडीनं मध्यस्थी असे रस्ते आहेत, पण ते अरुंद आहेत. घरी लगेच पगाराची गरज असेल तर मी स्वतः मुलांना सांगतो की आधी पाय रोव, मग हे कर.

म्हणून माझी मागणी पोरांकडं कमी आणि विद्यापीठांकडं जास्त आहे. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांनी मराठीतून दोन वर्षांचा असा अभ्यासक्रम सुरू करावा. चारपैकी एक सत्र विद्यार्थ्यानं तालुक्यात काढावं, म्हणजे तहसील कचेरी, भूमी अभिलेख, तालुका विधी सेवा समिती, पोलीस ठाणं, ग्रामसभा. नुसतं बसून ऐकावं, टिपणं काढावीत, मिटलेल्या दहा वादांकडं वर्षभरानं परत जाऊन बघावं की ते खरंच मिटलेत का. आणि प्रवेश फक्त बावीस वर्षांच्या मुलांना देऊ नये. तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, बचतगट चालवणाऱ्या बायका, तालुक्याचे वकील यांना शनिवार-रविवारी शिकता यावं. आजच भांडणाच्या मधोमध उभी असलेली माणसं हीच आहेत. त्यांच्याकडं अनुभव आहे, पण त्याला नाव आणि पद्धत द्यायला कुणी बसलेलं नाही. आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना आधी आईची आठवण काढायचं कळत होतं, त्यांनाही वर्गात बोलवा. विद्यार्थी म्हणून नव्हे, शिकवायला.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. "सर, काही लोकांचं पोटच भांडणावर आहे. ते मिटू देणार आहेत का?" बरोबर आहे. निवडणुकीत दोन भावांचे दोन गट करून मतं मोजणारे आपल्याकडं कमी नाहीत. पण उलटा विचार करा. अशा माणसाची ताकद कशात असते? दोन्ही घरांना फक्त त्याच्याच मार्फत बोलता येतं यात. गावात दोन्ही बाजूंचं ऐकू शकणारी, कुणाच्या उपकारात नसलेली आणि "बहीण कुठाय?" असं विचारणारी चार माणसं तयार झाली की ते दुकान आपोआप बसायला लागतं. एकदम बसणार नाही, पण बसेल.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावाखाली सध्या विद्यापीठांत अभ्यासक्रम उलटेपालटे चालूच आहेत. अभ्यास मंडळांवर आपल्याच ओळखीचे प्राध्यापक आहेत, सिनेटवर आपण निवडून दिलेले पदवीधर आहेत. त्यांना एक पानाचं पत्र लिहायला फार वेळ लागत नाही. मी माझं पाठवलंय. त्यात शेवटचं वाक्य एवढंच आहे: रस्त्याची एक केस तीन वेळा जिंकूनही ज्याला अजून वावरात जाता येत नाही, असा किमान एक शेतकरी तुमच्या तालुक्यातही असेल. अभ्यासक्रम ठरवायच्या आधी त्याला भेटा.